प्यायचे पाणी तसेच राहू द्या, तापवायच्या पाण्याकडे लक्ष द्या

एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील मुख्य गोष्टी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. चौदा महिन्यांपूर्वी हे कुटुंब चुनखडीच्या खडकाच्या प्रदेशात राहायला गेले. तेथे नळाला भूजलाचे पाणी येते. तेव्हापासून गीझरची कॉइल दोनदा जळाली, पांढरे कपडे करडे पडले, टॉवेल खरखरीत झाले आणि नळांच्या तोंडाशी पांढरे पुट चढू लागले. भगिनींचे स्वतःचे केस राठ होऊन गळत आहेत, नऊ वर्षांच्या मुलीचा जुना इसब वाढला आहे, आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या सासूबाई “या पाण्याने घरात सगळ्यांना मुतखडा होईल” असे रोज म्हणत आहेत. अशात एक विक्रेता घरी आला. त्याने एका पेनासारख्या यंत्राने पाण्यात 480 हा आकडा दाखवला, दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवून नळाचे पाणी तपकिरी गाळाने भरून दाखवले, आणि संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारे यंत्र) व स्वयंपाकघरात आरओ असा दुहेरी उपाय सुचवला. त्यापूर्वीच भगिनींनी शहाणपणाने प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतले होते. अहवालात एकूण कठीणपणा 320, त्यापैकी कॅल्शियमचा 240, अल्कता 270 आणि एकूण विद्राव्य घनपदार्थ 480 (सर्व मिलिग्रॅम प्रतिलिटर) असे आकडे असून जंतू आढळलेले नाहीत, नायट्रेट व फ्लोराइड मर्यादेत आहेत. “हे पाणी प्यावे का, आणि विक्रेत्याला काय सांगावे?” असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याची धास्ती आपल्या पत्राच्या प्रत्येक ओळीत जाणवते. आपण जोडलेल्या अहवालाप्रमाणे हे पाणी पिण्यास योग्य आहे. ते कठीण आहे, पाठ्यपुस्तकातला शब्द वापरायचा तर दुष्फेन आहे, म्हणजे त्यात साबणाला सहज फेस येत नाही. परंतु दुष्फेन असणे आणि दूषित असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेत साधारण 200 मिलिग्रॅमचा जो उल्लेख येतो, तो त्यापुढे भांड्यांत व नळांत थर साचू लागतो एवढ्यापुरता आहे. आपले पाणी 320 आहे, म्हणजे थर साचणारच. त्रास आहे, तो खरा आहे, आणि त्याचा बंदोबस्त करावाच लागेल. तो बंदोबस्त पिण्याच्या पेल्यापाशी करायचा नसून पाणी जेथे तापते आणि जेथे साबणाला भेटते तेथे करायचा आहे.

आता त्या तपकिरी पेल्याविषयी, कारण त्या एका दृश्याने आपली झोप उडाली असे आपण लिहिले आहे. ज्या कांड्या पाण्यात बुडवल्या जातात त्यांत लोखंडाची एक जोडी असते. विद्युतप्रवाह सुरू झाला की लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा तपकिरी गाळ तयार होतो. आपण पेल्यात पाहिलेला गाळ हा त्या कांडीचा गाळ होता, आपल्या पाण्यातला नव्हे. आरओच्या पाण्यात विरघळलेले क्षार फार थोडे असल्यामुळे त्यातून वीज जेमतेम वाहते, लोखंड झिजत नाही आणि पेला स्वच्छ दिसतो. पुन्हा कोणी हा प्रयोग दाखवू लागला, तर आरओच्या पेल्यात आपल्या हाताने चिमूटभर मीठ टाकावे आणि त्यालाच तो प्रयोग पुन्हा करायला सांगावे. तोही पेला तपकिरी होईल. (हा प्रयोग घरी स्वतः मात्र करू नये, पाणी आणि वीज यांची गाठ घालणे जिवावर बेतू शकते.) भीती घालून वस्तू विकण्याचा हा प्रकार मला मनापासून खटकतो, कारण ज्या घरात लहान मूल असते त्या घराची काळजीच येथे भांडवल म्हणून वापरली जाते.

पेनासारख्या यंत्राचा 480 हा आकडा खोटा नव्हता, परंतु तो कठीणपणाचा आकडा नव्हता. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून ते यंत्र सर्व विद्राव्य पदार्थांचा मिळून अंदाज देते. एका पेल्यात मीठ विरघळवले तर पेनाचा आकडा भराभर वाढेल, पण कठीणपणा तसूभरही वाढणार नाही. हे लक्षात ठेवणे पुढेही उपयोगी पडेल, कारण सॉफ्टनर बसवल्यानंतर पेनाचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो आणि “यंत्र चालतच नाही” असा गैरसमज होतो. कठीणपणा मोजायचा तर त्याची वेगळी चाचणी आहे. प्रयोगशाळेत पाण्यात एक रंगद्रव्य घालून त्यावर एक द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. वाइनसारखा लालसर रंग ज्या थेंबाला निळा होतो, त्या थेंबावरून हिशेब निघतो. घरगुती वापरासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. त्या अगदी नेमक्या नसल्या, तरी आपल्या कामापुरत्या पुरेशा आहेत.

आपल्या अहवालातील आकड्यांत एक चांगली बातमी दडलेली आहे, आणि ती समजण्यासाठी पाणी कठीण कसे होते हे थोडे पाहावे लागेल. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांतून वाहू लागले की एरवी पाण्यात न विरघळणारा दगड बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळतो. तेच पाणी आपण तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला दगड पुन्हा दगड होऊन बसतो. गुहांच्या छतांना लोंबणारे चुनखडीचे झुंबर ज्या क्रियेने शेकडो-हजारो वर्षांत घडते, तीच क्रिया आपल्या गीझरमध्ये काही महिन्यांत उरकते. तापवल्याने असा खाली बसणारा कठीणपणा तात्पुरता, आणि उकळूनही पाण्यातच राहणारा तो कायमचा, असे त्याचे दोन प्रकार मानतात. अल्कता म्हणजे अशा पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेटचे माप. आपली अल्कता 270 आहे, याचा अर्थ 320 पैकी जवळजवळ 270 कठीणपणा तात्पुरत्या प्रकारचा आहे आणि सुमारे 50 कायमचा आहे. चुनखडीच्या प्रदेशात बहुधा असेच असते. म्हणूनच आपल्या घरातील जवळजवळ सगळे नुकसान उष्णतेच्या जागी होत आहे, आणि तेथेच ते रोखता येते.

या पाण्यातून घरात किती चुना येतो याचा हिशेब करून पाहा. 20 लिटरच्या बादलीत 6.4 ग्रॅम, म्हणजे चमचाभराहून थोडा अधिक. चार माणसांचे घर दिवसाला 600 लिटर पाणी वापरत असेल, तर रोज 190 ग्रॅमच्या आसपास आणि महिन्याला साडेपाच किलोहून अधिक. यातला बहुतेक भाग थंड पाण्याबरोबर जसा आला तसा गटारात निघून जातो आणि कोणाचे काही बिघडवत नाही. जो थोडा भाग गीझरच्या कॉइलवर अडकतो, तोच त्रास देतो.

जळालेली कॉइल आपण फेकून दिली नसेल, तर ती हातात घेऊन नीट पाहावी. तिच्यावर पिवळसर पांढरा, पापुद्र्यापापुद्र्यांचा थर दिसेल; नखाने खरवडल्यास अंड्याच्या कवचासारखे तुकडे निघतील आणि एखाद्या तुकड्याच्या कडेला बारीक रेषाही दिसतील, कारण थरावर थर असाच तो वाढत गेलेला असतो. त्यातल्या एका तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे उठतील. हा थर म्हणजे दगडच आहे आणि तो तांब्याच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी कमी उष्णता वाहू देतो. आतली कॉइल तापते, तिची उष्णता पाण्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, धातूचे तापमान वाढत जाते आणि शेवटी कॉइल फुटते. गीझरमधून पाणी तापताना किटलीसारखा खदखदल्याचा किंवा तडतडण्याचा आवाज येऊ लागला असेल, तर तो याच थराखाली अडकलेल्या वाफेचा आवाज असतो आणि तो ऐकू येताच गीझर साफ करून घ्यायला हवा.

“विजेचे बिल निम्मे होईल” असे विक्रेत्याने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. विजेच्या गीझरच्या बाबतीत हे पटण्यासारखे नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. वीज थोडी अधिक लागते, परंतु खरे नुकसान कॉइलच्या आयुष्याचे होते. गॅसच्या गीझरची गोष्ट निराळी आहे. तेथे पाण्याला न मिळालेली उष्णता धुराबरोबर बाहेर निघून जाते, त्यामुळे इंधन खरोखर वाया जाते.

यावरचा सर्वांत सोपा उपाय आपल्या हातात आहे. गीझरचे तापमान 75 किंवा 80 अंशांवर ठेवले असेल, तर ते 60 अंशांच्या आसपास आणावे. तापमान जितके अधिक, तितका चुना वेगाने बसतो, आणि 60 च्या वर हा वेग चांगलाच वाढतो. मात्र टाकीतील पाणी कायम कोमट ठेवण्याच्या मोहात पडू नये, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे, फुप्फुसांना आजारी पाडणारे जंतू वाढू शकतात. 60 हा दोन्ही बाजू सांभाळणारा आकडा आहे. वर्षातून एकदा, आपल्या पाण्यात शक्यतो दोनदा, जाणकाराकडून टाकी उघडून गाळ काढून घ्यावा आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी पाहायला सांगावे. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजण्यासाठी ती बसवलेली असते आणि ती संपली की गंज टाकीला लागतो. बहुतेक घरांत तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

थर काढण्यासाठी आम्ल लागते आणि घरगुती वापरासाठी सायट्रिक आम्ल किंवा साधे व्हिनेगर पुरते. किटली, शॉवरची चाळणी, नळाच्या तोंडची जाळी यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात साधारण 30 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात तासभर भिजत ठेवावे. हे द्रावण उकळू नये. उकळल्याने काम लवकर होईल असे वाटते खरे, परंतु कॅल्शियम सायट्रेट हा पदार्थ गरम पाण्यात कमी विरघळतो. त्यामुळे जुना थर निघण्याऐवजी नवाच चिवट थर तयार होण्याची शक्यता असते. मी स्वतः एक किटली अशाच घाईने बिघडवली होती आणि त्यानंतर ती कधी पूर्वीसारखी स्वच्छ झाली नाही. नळाला बाहेरून चढलेल्या पुटावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. रात्रभर ठेवल्यास नळाचा चकाकता मुलामा खराब होतो. खाण्याच्या सोड्याने थर निघत नाही, कारण सोडा आम्लधर्मी नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून उठणारा फेस पाहायला छान वाटतो, परंतु त्यात दोघेही एकमेकांना निकामी करतात.

येथे दोन सूचना मी कळकळीने करते. पहिली अशी, की कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर असले तरीही, ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणाबरोबर कधीही मिसळू नये, एकामागोमाग एकही वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो फार धोकादायक ठरतो. दुसरी चुनखडीच्या प्रदेशातील घरांना विशेष लागू आहे. अशा भागात फरशी, ओटा किंवा पायऱ्या पुष्कळदा त्याच दगडाच्या किंवा संगमरवराच्या असतात. जे आम्ल नळावरचा थर खाते तेच फरशीही खाते, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांची जात एकच आहे. व्हिनेगरचा एक थेंब पॉलिश केलेल्या संगमरवरावर पडून राहिला तरी तेथे निस्तेज डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही. न्हाणीघर साफ करण्याचे तीव्र आम्ल तर अशा फरशीजवळ आणूच नये.

कपड्यांकडे वळू. साबण आणि कठीण पाणी एकत्र आले की कॅल्शियम साबणाला पकडते आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या आतल्या बाजूने बोट फिरवले असता जो मेणचट थर हाताला लागतो, तो हाच. तो कापडाच्या धाग्यांत अडकतो, त्यात मळ अडकतो, आणि कपडे करडे, टॉवेल खरखरीत होतात. म्हणून अशा पाण्यात वडीचा साबण कपड्यांसाठी वापरूच नये. डिटर्जंटचा साका बनत नाही. शिवाय चांगल्या पावडरीत कॅल्शियमला अडकवून ठेवणारे घटक असतात. मात्र पाकिटावर कठीण पाण्यासाठी जे प्रमाण छापलेले असते तेच घ्यावे, कारण कमी पावडर घातली तर ती सगळी कॅल्शियमशी झुंजण्यातच खर्च होते आणि मळासाठी काही उरत नाही. पावडरीबरोबर थोडा धुण्याचा सोडा घातल्यास कठीणपणा आधीच खाली बसतो. लोकर व रेशीम यांना मात्र तो लावू नये. करड्या पडलेल्या टॉवेलांसाठी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून पाहावे, दोन-तीन धुण्यांत फरक दिसेल. भांडी धुण्याचे यंत्र असेल, तर त्यात कठीणपणाचा आकडा भरण्याची सोय असते आणि आपण आता तो आकडा जाणता. वाफेच्या इस्त्रीत डिस्टिल्ड पाणी घालावे, तिच्यासाठी सॉफ्टनरचे पाणी हा पर्याय नाही, कारण पाणी उडून गेल्यावर त्यातले क्षार आत तसेच राहतात.

आपल्या मुलीच्या इसबाविषयी मला अधिक जपून लिहायचे आहे. कठीण पाण्याच्या प्रदेशातील मुलांत इसब अधिक आढळतो असे अनेक पाहण्यांत दिसले आहे, आणि त्यावरून सॉफ्टनर बसवला की इसब बरा होईल असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक वाटते. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांबरोबर घरी सॉफ्टनर बसवलेल्या मुलांच्या इसबात, तो न बसवलेल्या मुलांच्या तुलनेत, तपासणाऱ्या परिचारिकांना कोणताही अधिक फायदा आढळला नाही. तेव्हा केवळ इसबासाठी सॉफ्टनर घेऊ नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सांगते. त्वचेचा खरा प्रश्न बहुधा साबणाचा आहे: कठीण पाण्याने साबण नीट धुतला जात नाही, त्याचा अंश त्वचेवर राहतो आणि तो आधीच हळव्या झालेल्या त्वचेला झोंबतो. साबणाऐवजी त्वचारोगतज्ज्ञ सुचवतील तो सौम्य, साबणविरहित पदार्थ वापरावा, पाणी फार गरम नसावे, अंघोळ लांबवू नये, आणि अंग टिपून काही मिनिटांच्या आत मलम लावावे. मुलीला खरे सुख यातूनच मिळेल.

केसांचे दोन भाग करून पाहावे लागतील. राठपणा पाण्याचा असू शकतो. क्षार आणि साका केसांच्या पृष्ठभागावर बसतात, केस खरखरीत लागतात आणि विंचरताना तुटतात. आठवड्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरावा, किंवा तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून, डोळे सांभाळून, केसांवरून शेवटी ओतावे आणि साध्या पाण्याने धुवावे. परंतु केस मुळापासून गळत असतील, तर त्याचा दोष पाण्याला देऊन थांबू नये. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, बाळंतपण, मोठे आजारपण अशी अनेक कारणे त्यामागे असतात. स्थलांतर आणि गळती एकाच काळात आली म्हणून त्यांचा संबंध जोडला जातो आणि तपासणी मागे पडते. आपण ती करून घ्यावी.

सासूबाईंची मुतखड्याची भीती अगदी समजण्यासारखी आहे. किटलीत डोळ्यांदेखत खडा तयार होताना दिसतो, मग पोटात का होणार नाही, असे कोणालाही वाटेल. पण शरीर म्हणजे किटली नव्हे. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि जेवणाबरोबर पोटात गेलेले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून शरीराबाहेर नेते. अहवालातील कॅल्शियमचा 240 हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिलेला असतो; त्यात नुसते कॅल्शियम लिटरमागे 96 मिलिग्रॅम आहे. दोन लिटर पाणी प्यायल्यास सुमारे 190 मिलिग्रॅम होते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 1000 मिलिग्रॅम असते. खड्याचे खरे आमंत्रण पाणी कमी पिण्यात आहे. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांना दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला मूत्रविकारतज्ज्ञ देतात. पाण्याच्या भीतीने सासूबाई पाणी कमी पीत असतील, तर ज्या गोष्टीला त्या भितात तिच्याच त्या जवळ जात आहेत, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा. घरात कोणाला आधीच खडा झालेला असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना आपला अहवाल दाखवावा.

आता सॉफ्टनर. त्यात राळेचे बारीक मणी असतात. पाणी त्यांतून जाताना मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा धुवून घ्यावे लागतात. हे यंत्र आपले काम चोख करते. गीझर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांच्यासाठी ते घेण्यास माझी काहीही हरकत नाही. चौदा महिन्यांत दोन कॉइल जळाल्या असतील तर ते घेणे योग्यच ठरेल. माझी हरकत “संपूर्ण घरासाठी” या शब्दांना आहे. काढलेल्या दर 100 मिलिग्रॅम कठीणपणामागे पाण्यात सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम येते, म्हणजे आपल्या पाण्यात लिटरमागे 147. दोन लिटरला ते 300 च्या जवळ जाते, तर प्रौढांनी दिवसभरात सर्व मिळून 2000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. निरोगी माणसाला याने मोठा फरक पडणार नाही, परंतु रक्तदाब असलेल्या सासूबाईंच्या पेल्यात हे सोडियम कशासाठी घालायचे? तान्ह्या बाळाचे दूध बनवण्यासाठीही असे पाणी वापरू नये. झाडांनाही ते घालू नये, कारण सोडियमने माती घट्ट होते आणि मुळांना त्रास होतो. कठीण पाण्याने कुंडीला पांढरी कड चढते, ती दिसायला वाईट असली तरी त्यामानाने निरुपद्रवी आहे.

आरओची आपल्याला गरज नाही. तो कठीणपणा काढतो हे खरे, पण त्यासाठी पुष्कळ पाणी वाया घालवतो, आणि अशा पाण्यात त्याच्या पडद्यावरही थर बसतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असते तर मी वेगळे लिहिले असते. पाणी आपल्याला चवीला जड वाटत असेल, किंवा कडधान्ये शिजायला वेळ लागत असेल, तर पाणी पाच-दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, तळाशी बसलेला पांढरा साका न ढवळता वरचे पाणी ओतून घ्यावे. तात्पुरत्या कठीणपणाचा बराच भाग एवढ्याने जातो. त्यावर तरंगणारी पातळ पांढरी साय चुन्याचीच असते, ती पोटात गेली तरी अपाय नाही. नळीवर बाहेरून बसवायच्या चुंबकाविषयी आपण विचारले आहे. त्याने पाण्यातला चुना कमी होत नाही, आणि थर रोखण्याबाबत जे प्रयोग झाले त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी त्यावर खर्च करणार नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा नव्हे.

एक गंमत म्हणून सांगण्याजोगी माहिती अशी, की चुन्याचे पाणी चुन्यानेच मऊ करण्याची युक्ती स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये पेटंट केली. विरघळलेल्या बायकार्बोनेटमध्ये चुन्याची निवळी मोजून घातली की दोन्हींचा चुना मिळून खाली बसतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत हीच रीत आजही वापरतात. आपल्या भागात पाणीपुरवठ्याची एकच सामाईक योजना असेल, तर गावकऱ्यांनी मिळून तशी मागणी करण्यासारखी आहे, कारण घरोघरी मीठ ओतण्यापेक्षा एका ठिकाणी चुना बसवणे शहाणपणाचे.

विक्रेत्याला आपण इतके सांगावे: आरओ नको, सॉफ्टनर हवा, पण तो टाकीतून गीझर आणि धुण्याच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळावरच बसवावा, स्वयंपाकघरातील थंड पाण्याचा नळ आणि बागेचा नळ त्याच्या आधीच वेगळे काढावेत, यंत्राला वळसा घालणारी झडप ठेवावी, म्हणजे ते बिघडले तरी घराचे पाणी बंद पडणार नाही. यंत्रात कठीणपणाचा आकडा भरताना त्याने पेनातला 480 भरला तर थांबवावे आणि अहवालातील 320 भरायला लावावे. अन्यथा मीठ आणि पाणी दीडपट खर्च होत राहील. पाणी अगदी शून्यापर्यंत मऊ करण्याचीही गरज नाही, कारण फार मऊ पाणी नळ्यांच्या धातूला झिजवू शकते. झडपेतून थोडे मूळ पाणी मिसळू देऊन कठीणपणा 100 च्या आसपास राहील असे पाहावे. बसवून झाल्यावर त्याच्यासमोरच कागदी पट्टी एकदा गीझरच्या नळाखाली आणि एकदा स्वयंपाकघरातील नळाखाली धरावी. पहिल्या नळाची पट्टी मऊ पाणी दाखवेल आणि दुसऱ्याची पूर्वीसारखीच कठीण दाखवेल, तेव्हाच त्याचे पैसे द्यावेत.